मीठ, मृत्यू आणि विभक्ती : आहारविषयक संशोधनाच्या वाचनाची एक चिकित्सा

प्रस्तावना

मिठाविषयी आपल्या भाषांनी पूर्वापार मोठे शब्द वापरले आहेत. मराठीत माणूस खाल्ल्या मिठाला जागतो. उर्दूत तो नमकहलाल ठरतो किंवा नमकहराम. आमच्या सुरत जिल्ह्यात दिवाळीनंतरच्या गुजराती नववर्षाच्या पहाटे मीठ ‘सबरस’ या नावाने दारी येते आणि शकुन म्हणून घेतले जाते. गेल्या काही दशकांत मात्र मिठाविषयी एक वेगळेच विधान वृत्तपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांतून, दवाखान्यांतील भित्तिपत्रकांतून आणि विद्यार्थ्यांच्या प्रकल्पवह्यांतून रूढ झाले आहे. ते विधान असे : मीठ माणसाला मारते.

प्रस्तुत लेखात या विधानाची चिकित्सा करावयाची आहे. लेखक वैद्यकाचा अभ्यासक नसून भाषेचा अध्यापक आहे. त्यामुळे कोणी किती मीठ खावे हे सांगण्याचा अधिकार त्याच्याकडे नाही आणि तसा हेतूही नाही. परंतु संशोधन शेवटी भाषेतून सांगितले जाते, भाषेतून वाचले जाते आणि पुष्कळदा भाषेतच बिघडते. संशोधकाने काय पाहिले, काय मोजले आणि काय अनुमानले, या तीन पायऱ्या वाचकाला वेगळ्या करता आल्या पाहिजेत. आपल्या कम्युनिटी कॉलेजांत आरोग्य सहायक, आहारशास्त्र, गृहविज्ञान यांसारखे अभ्यासक्रम शिकवले जातात. तेथून बाहेर पडणारी मुलगी उद्या एखाद्या वस्तीत रक्तदाबाच्या रुग्णाला सल्ला देणार असते. म्हणून हा विषय केवळ बौद्धिक कुतूहलाचा नाही.

एका बातमीचा पाया

जुलै २०२२ मध्ये ‘युरोपियन हार्ट जर्नल’ या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील टुलेन विद्यापीठाचे प्रा. लू ची आणि त्यांचे सहकारी यांचा तो अभ्यास होता. ‘यूके बायोबँक’ या ब्रिटिश प्रकल्पातील ५,०१,३७९ व्यक्तींची माहिती त्यासाठी वापरली गेली. सुमारे नऊ वर्षांच्या काळात त्यांपैकी १८,४७४ जणांचा मृत्यू वयाच्या ७५ वर्षांपूर्वी झाला. निष्कर्ष असा की, ताटात आलेल्या अन्नावर नेहमी वरून मीठ घेणाऱ्यांत अकाली मृत्यूचे प्रमाण, क्वचित किंवा कधीच न घेणाऱ्यांच्या तुलनेत, २८ टक्क्यांनी अधिक आढळले. पन्नाशीतील आयुर्मानाचा हिशेब केला तेव्हा नेहमी मीठ घेणाऱ्या स्त्रियांत ते दीड वर्षाने, तर पुरुषांत २.२८ वर्षांनी कमी दिसले. ही बातमी जगभर गेली. वरून मीठ घ्याल तर आयुष्याची दोन वर्षे गमवाल, असा तिचा सर्वसाधारण सूर होता.

हा सगळा डोलारा कशावर उभा आहे ते पाहिले पाहिजे. सहभागी व्यक्तींना एक प्रश्न विचारला होता : तुम्ही अन्नावर मीठ घेता का? स्वयंपाकात घातलेले मीठ मोजू नये, अशी सूचना त्यासोबत होती. उत्तरासाठी चार पर्याय होते : कधीच नाही किंवा क्वचित, कधीकधी, बहुधा, नेहमी. सहभागी झाल्यानंतर किती ग्रॅम मीठ पोटात गेले याचे दररोजचे मोजमाप कोणी केले नव्हते, आणि एवढ्या मोठ्या समूहात ते शक्यही नव्हते. एका वेळी दिलेल्या एका उत्तरावरून पुढील नऊ वर्षांची सवय गृहीत धरली गेली.

दुसरी गोष्ट टक्केवारीची. २८ टक्के हा आकडा ऐकताच शंभरातील अठ्ठावीस माणसे डोळ्यांसमोर येतात. वास्तविक त्या समूहात अकाली मृत्यू शंभरामागे तीन ते चार इतके होते. त्यांत २८ टक्क्यांची वाढ म्हणजे शंभरामागे सुमारे एक मृत्यू अधिक. हा एक मृत्यूही क्षुल्लक नव्हे. परंतु ‘शंभरात एक अधिक’ आणि ‘२८ टक्के धोका’ ही एकाच वस्तुस्थितीची दोन वर्णने असली तरी वाचकाच्या मनावर होणारा त्यांचा परिणाम एकसारखा नसतो. उर्दू काव्यशास्त्रात ‘मुबालगा’ म्हणजे अतिशयोक्तीच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. येथे आकडा खोटा नसतानाही मुबालगा साधला जातो, हे विशेष.

सप्तमीची तृतीया

आता मूळ मुद्द्याकडे वळू. पुढील दोन वाक्ये वाचावीत.

एक : वरून मीठ घेणाऱ्यांत अकाली मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले.

दोन : वरून मीठ घेतल्याने अकाली मृत्यू येतो.

पहिल्या वाक्यात ‘घेणाऱ्यांत’ ही सप्तमी आहे. ती अधिकरण दाखवते, म्हणजे गोष्ट कोठे आढळली एवढेच सांगते. दुसऱ्या वाक्यात ‘घेतल्याने’ ही तृतीया आहे. ती साधन किंवा कारण दाखवते. संशोधकाच्या हाती सप्तमी असते, वाचकाच्या हाती पोहोचेपर्यंत तिची तृतीया झालेली असते. उर्दूत हाच फरक ‘में’ आणि ‘से’ या दोन हुरूफ-ए-जारचा आहे. एक प्रत्यय बदलला की निरीक्षणाचे कारण होते.

मराठी म्हणीतला कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते. म्हणून फांदी कावळ्याने मोडली असे शहाणा माणूस म्हणत नाही. अर्थात पाच लाख कावळे आणि अठरा हजार फांद्या असतील तर त्याला योगायोग म्हणून सोडूनही देता येत नाही. तेथे काही तरी आहे. पण ते ‘काही तरी’ कावळ्याचे वजन आहे की कावळे मुळातच वाळक्या झाडांवर बसतात, हे शोधावे लागते.

या अभ्यासातही नेहमी मीठ घेणाऱ्यांचा गट इतर बाबतींत वेगळा होता. तो एकूण संख्येच्या सुमारे पाच टक्के एवढाच होता. त्यांत धूम्रपान करणाऱ्यांचे आणि लठ्ठ व्यक्तींचे प्रमाण अधिक होते, व्यायाम कमी होता आणि राहणीमान तुलनेने गरिबीचे होते. संशोधकांनी हे घटक गणिताने वेगळे काढण्याचा प्रयत्न केला आहे, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. पण जे घटक नोंदले गेले तेवढेच वेगळे काढता येतात. बत्तीस वर्षांचे धूम्रपान आणि दोन वर्षांचे धूम्रपान एकाच रकान्यात गेले, तर उरलेला धूर मिठाच्या खात्यावर जमा होतो. जिभेची चव तंबाखूने मंदावलेली असेल तर माणूस मीठ अधिक घेईल, आणि त्याचा मृत्यू मात्र तंबाखूने झालेला असेल, हीही शक्यता उरते.

उर्दूच्या अध्यापकाला येथे ‘हुस्न-ए-तअलील’ या अलंकाराची आठवण होणे साहजिक आहे. घडलेल्या गोष्टीला तिचे खरे कारण न देता कवी मनोहर असे दुसरेच कारण देतो, तो हा अलंकार. पहाटे फुलांवर दव पडते. कवी म्हणतो, रात्रभर बुलबुल रडला. मराठी अलंकारशास्त्रात हेतूत्प्रेक्षा याच्या जवळची आहे. परंतु कवी आणि रसिक या दोघांनाही ठाऊक असते की हे कारण कल्पिलेले आहे. आरोग्याच्या बातमीत हा करार नसतो. तेथे वाचक हेतूत्प्रेक्षेला हेतू समजतो.

मूळ संशोधकांवर हा आरोप सरसकट करता येत नाही. शिफारशी करण्यापूर्वी या निष्कर्षांची पुढील अभ्यासांनी खातरजमा व्हावी असे त्यांनीच सांगितले होते. फळे व भाज्या अधिक खाणाऱ्यांत हा संबंध सौम्य होतो, असेही त्यांनी नोंदवले होते. शीर्षकात मात्र त्यांतले काहीच उरले नाही.

आपल्या ताटाचा प्रश्न

हाच प्रश्न चलथाणमध्ये विचारला तर काय होईल, याचा विचार केल्यास अडचण अधिक स्पष्ट होते. महाराष्ट्रीय पद्धतीच्या ताटात डाव्या बाजूला मीठ आधीच वाढलेले असते. त्याशेजारी लिंबू, चटणी, लोणचे, कोशिंबीर. खानदेशातून आलेल्या कुटुंबांच्या जेवणात ठेचा असतो. मुस्लिम घरांत दस्तरखानावर नमकदान असते. गुजराती घरांत पापड आणि फरसाण. आता ‘तुम्ही वरून मीठ घेता का’ या प्रश्नाचे उत्तर काय द्यावे? लोणच्याची फोड हे वरून घेतलेले मीठ आहे की नाही? पापडातील पापडखार, गाठिया आणि खमण यांतील सोडा, हे मीठ नव्हेत, पण त्यांतही सोडियम असते, आणि रक्तदाबाच्या चर्चेत मोजायचे असते ते सोडियमच.

पाश्चात्त्य देशांत बहुतांश मीठ पाव, चीज, डबाबंद पदार्थ यांतून पोटात जाते. आपल्याकडे ते मुख्यतः घरच्या स्वयंपाकातून जाते, म्हणजे ज्या मिठाची गणना त्या प्रश्नाने मुद्दाम टाळली होती तेच. शिवाय यूके बायोबँकमध्ये २००६ ते २०१० या काळात ४० ते ६९ वयाचे लोक घेतले गेले. ज्यांना निमंत्रण गेले त्यांपैकी साडेपाच टक्के लोकच प्रत्यक्ष सहभागी झाले. ते प्रामुख्याने श्वेतवर्णीय ब्रिटिश होते. तेथील निष्कर्ष येथे अजिबात लागू होत नाही असे म्हणता येणार नाही, परंतु तो जसाच्या तसा लागू होतो असेही म्हणता येणार नाही.

चलथाणच्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात गळीत हंगामात डांग, नंदुरबार, धुळे भागांतून ऊसतोड मजूर येतात. उन्हात दिवसभर कोयता चालवणाऱ्या माणसाच्या घामातून जे मीठ जाते आणि वातानुकूलित कार्यालयात बसणाऱ्याच्या शरीरात जे साचते, त्यांचा हिशेब एक असू शकत नाही. एप्रिल १९३० मध्ये दांडीयात्रा येथून फार दूर नसलेल्या डिंडोली, वांझ, धामण या गावांवरून नवसारीकडे गेली. पुढे धारासणाच्या सत्याग्रहाचे नेतृत्व करण्यास निघालेले अब्बास तय्यबजी १२ मे १९३० रोजी पकडले गेले. ज्या गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत स्वतः अळणी आहाराचे व्रत घेतले होते, त्यांनीच गरिबाच्या मिठासाठी हा लढा उभारला. यात विसंगती नाही. आपल्या ताटातले मीठ सोडणे हा एकाचा निर्णय असतो. श्रमिकाच्या ताटातले मीठ हा वेगळा प्रश्न असतो.

एकाच अंकातील दोन निष्कर्ष

मिठाच्या प्रमाणाविषयी जाणकारांचेच एकमत नाही, याचे सर्वांत बोलके उदाहरण ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकाच्या १४ ऑगस्ट २०१४ च्या अंकात सापडते.

त्या अंकात ‘प्योर’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासाचा निबंध होता. या प्रकल्पाचे प्रमुख डॉ. सलीम यूसुफ हे मूळचे केरळमधील कोट्टारक्करा येथील, बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी आणि पुढे कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातील हृदयरोगतज्ज्ञ. भारतासह १७ देशांतील १,०१,९४५ व्यक्तींची पाहणी त्यात होती. दिवसाला ३ ते ६ ग्रॅम सोडियम घेणाऱ्यांत मृत्यू आणि हृदयविकार सर्वांत कमी आढळले. ७ ग्रॅमहून अधिक घेणाऱ्यांत ते वाढलेले होते, पण ३ ग्रॅमहून कमी घेणाऱ्यांतही वाढलेले होते. ३ ते ६ ग्रॅम सोडियम म्हणजे सुमारे साडेसात ते पंधरा ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा २ ग्रॅम सोडियम, म्हणजे ५ ग्रॅम मीठ, इतकी आहे. म्हणजे या अभ्यासानुसार अधिकृत शिफारस पाळणारा माणूस धोक्याच्या बाजूला पडतो.

त्याच अंकात डॉ. दारियुश मोझफ्फरियन आणि सहकाऱ्यांचा निबंध होता. २ ग्रॅमहून अधिक सोडियम घेतल्यामुळे २०१० या वर्षी जगभरात १६.५ लाख हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराचे मृत्यू झाले, असा त्यांचा अंदाज होता. हे मृत्यू कोणी मोजलेले नव्हते. ६६ देशांतील मिठाच्या पाहण्या, रक्तदाबावरील १०७ चाचण्या आणि रक्तदाब व मृत्यू यांचा संबंध, अशा तीन गोष्टींचा गुणाकार करून तो आकडा आला होता. अशा आकड्यास गणिती अनुमान म्हणावे, शिरगणती म्हणू नये. पुढे ‘जागतिक रोगभार’ प्रकल्पाने २०१७ या वर्षासाठी असे ३० लाख मृत्यू सांगितले. त्याच प्रकल्पाच्या २०१९ वर्षाच्या हिशेबात ते १८.९ लाख झाले. दोन वर्षांत अकरा लाख माणसे वाचली असे कोणी म्हणणार नाही. बदलली ती गणिताची रीत.

‘प्योर’वरही गंभीर आक्षेप आले. दिवसभराच्या लघवीऐवजी सकाळच्या एका नमुन्यावरून सोडियमचा अंदाज बांधणे कितपत विश्वसनीय, हा पहिला. आजारी माणूसच कमी खातो, त्यामुळे त्याचे मीठही कमी असते आणि मृत्यूही लवकर येतो, हा दुसरा. म्हणजे येथेही सप्तमीची तृतीया करण्याचा मोह आहेच, फक्त दिशा उलटी. जानेवारी २०२२ मध्ये त्याच नियतकालिकात दुसरा एक अभ्यास आला. त्यात १०,७०९ व्यक्तींची चोवीस तासांची लघवी एकापेक्षा अधिक वेळा तपासलेली होती. मोजमाप असे काळजीपूर्वक केले तेव्हा सोडियम वाढेल तसा हृदयविकाराचा धोका सरळ रेषेत वाढताना दिसला. तात्पर्य, मोजपट्टी बदलली की आलेखाचा आकार बदलतो.

हा वाद नवा नाही. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरसॉल्ट’ अभ्यासात ३२ देशांतील ५२ केंद्रांवर १०,०७९ व्यक्ती तपासल्या होत्या. भारतातील केंद्रे दोन : दिल्ली आणि लडाख. ब्राझीलमधील यानोमामी यांच्यासारख्या, अत्यल्प मीठ खाणाऱ्या चार समूहांना वगळले असता उरलेल्या ४८ केंद्रांत मीठ आणि सरासरी रक्तदाब यांचा संबंध जवळजवळ दिसेनासा झाला. मात्र वयाबरोबर रक्तदाब वाढण्याचा वेग आणि मीठ यांचा संबंध टिकून राहिला. दोन्ही पक्षांनी त्यातून आपापल्या सोयीचे वाक्य उचलले. २०११ मध्ये तर सात चाचण्यांच्या एकाच संचाचे पुनर्विश्लेषण दोनदा झाले. एका गटाने म्हटले, मीठ कमी केल्याने मृत्यू घटतात याचा सबळ पुरावा नाही. दुसऱ्या गटाने हृदय निकामी झालेल्या रुग्णांची एक चाचणी बाजूला काढली, उरलेले आकडे एकत्र केले आणि हृदयविकाराच्या घटना सुमारे २० टक्क्यांनी घटतात असे दाखवले.

संशयाची मर्यादा

येथपर्यंत वाचून कोणी असा निष्कर्ष काढील की, तज्ज्ञांनाच काही ठाऊक नाही, तेव्हा लोणच्याची बरणी पुढे ओढावी. हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि चिकित्सा करणाऱ्याने तो स्पष्टपणे नाकारला पाहिजे. संशय सर्व विधानांवर सारखाच टाकणे ही चिकित्सा नव्हे, तो आळस आहे.

काही विधाने निरीक्षणावर नव्हे, तर चाचणीवर उभी आहेत. चाचणीत कोणी किती मीठ खायचे हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरवले जाते. त्यामुळे धूम्रपान करणारे, गरीब, आजारी असे सर्व प्रकारचे लोक दोन्ही बाजूंना सारखे विभागले जातात. तेथे तृतीया वापरण्याचा अधिकार मिळतो. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डॅश-सोडियम’ चाचणीत ४१२ व्यक्तींना ठरवून दिलेले अन्नच पुरवले गेले. नेहमीच्या अमेरिकी आहारात सोडियम सर्वाधिक पातळीवरून सर्वांत कमी पातळीवर आणले तेव्हा वरचा रक्तदाब सरासरी ६.७ अंकांनी उतरला. फळे, भाज्या आणि कमी चरबीचे दूध असलेल्या आहारात ही घट ३ अंकांची होती. मीठ कमी केल्याने रक्तदाब उतरतो, हे वाक्य म्हणून व्याकरणदृष्ट्याही आणि शास्त्रदृष्ट्याही बरोबर आहे.

मृत्यूच्या बाबतीत असा पुरावा मिळणे कठीण असते, कारण त्यासाठी हजारो लोकांना वर्षानुवर्षे एका आहारावर ठेवावे लागते. तसा एक मोठा प्रयत्न चीनच्या ग्रामीण भागात झाला आणि २०२१ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ६०० गावांतील २०,९९५ व्यक्ती त्यात होत्या. पूर्वी पक्षाघात होऊन गेलेले, किंवा साठी ओलांडलेले व रक्तदाब असलेले असे ते लोक होते. निम्म्या गावांना नेहमीचे मीठ, तर निम्म्यांना तीन भाग साधे मीठ व एक भाग पोटॅशियम क्लोराइड असे मिश्रण देण्यात आले. जवळजवळ पाच वर्षांत मिश्रण वापरणाऱ्या गावांत पक्षाघात १४ टक्क्यांनी आणि मृत्यू १२ टक्क्यांनी कमी झाले. वर्षाला हजार लोकांमागे मृत्यूंची संख्या साधे मीठ वापरणाऱ्यांत ४४.६१, तर मिश्रण वापरणाऱ्यांत ३९.२८ होती.

येथेही वाचन सावधच हवे. हे लोक धडधाकट तरुण नव्हते. लाभ सोडियम घटल्याचा किती आणि पोटॅशियम वाढल्याचा किती, हे या चाचणीवरून वेगळे करता येत नाही. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना पोटॅशियमयुक्त मीठ घातक ठरू शकते, म्हणून ते डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये. तरीही या वाक्यातील तृतीया कमावलेली आहे. ती ब्रिटनमधील एका प्रश्नाच्या उत्तरावर उभी नाही.

संशयाचा एक व्यापारही असतो, हे विसरता कामा नये. अमेरिकेत ‘सॉल्ट इन्स्टिट्यूट’ ही मीठ उत्पादकांची संस्था २०१९ मध्ये बंद होईपर्यंत अनेक दशके मीठविरोधी शिफारशींवर आक्षेप घेत होती. तिचे काही आक्षेप शास्त्रीयदृष्ट्या ग्राह्यही होते. पण आक्षेप कोण घेतो हे विचारणे, निष्कर्ष कोण काढतो हे विचारण्याइतकेच आवश्यक आहे.

आपली स्थिती पाहावी. २०१९ ते २०२१ मधील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ वर्षांवरील स्त्रियांत सुमारे २१ टक्के व पुरुषांत २४ टक्के व्यक्तींचा रक्तदाब वाढलेला होता किंवा त्या त्यासाठी औषध घेत होत्या. २०१७-१८ च्या एका राष्ट्रीय पाहणीत लघवीच्या नमुन्यांवरून भारतीयांचे मिठाचे सरासरी सेवन दिवसाला ८ ग्रॅम असल्याचा अंदाज निघाला : पुरुष ८.९, स्त्रिया ७.१. त्याआधीच्या अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात तो ११ ग्रॅमच्या आसपास होता. आकडे निश्चित नसले तरी ५ ग्रॅमच्या मर्यादेहून आपण वर आहोत याविषयी दोन्हींत मतभेद नाही. रक्तदाब असलेल्या वडीलधाऱ्या व्यक्तीने पापड-लोणचे आवरावे, हा सल्ला वरील सर्व वाद जमेस धरूनही उभा राहतो. जो उभा राहत नाही तो ‘चिमूटभर मीठ म्हणजे दोन वर्षे कमी’ हा हिशेब.

वर्गात काय करता येईल

भीती दाखवून दिलेला सल्ला दोन प्रकारे वाया जातो. काही जण घाबरून इतके अळणी खातात की उन्हाळ्यात काम करताना चक्कर येते. बहुतेक जण मात्र आठवड्यागणिक बदलणाऱ्या बातम्यांना कंटाळून सगळेच झुगारतात, आणि त्या भरात रक्तदाबाची गोळीही सोडतात. दुसरा प्रकार अधिक धोक्याचा आहे. म्हणून संशोधनाच्या बातमीचे वाचन हा भाषेच्या तासाचाही विषय व्हावा असे सुचवावेसे वाटते. त्यासाठी वेगळ्या साधनांची गरज नाही. विद्यार्थ्यांनी आरोग्यविषयक एक बातमी वर्गात आणावी आणि तिला पाच प्रश्न विचारावेत.

पहिला, ही पाहणी होती की चाचणी? दुसरा, वाक्यातील प्रत्यय पुराव्याला शोभतो का? पाहणीवरून आलेल्या वाक्यात ‘ने’ किंवा ‘मुळे’ असेल तर ते ‘त’ आणि ‘आढळले’ असे बदलून लिहावे. तिसरा, टक्केवारी कशाची? ती शंभर माणसांच्या भाषेत मांडावी. चौथा, मोजले काय? मीठ की सोडियम, आणि कोणत्या रीतीने? एक ग्रॅम सोडियम म्हणजे सुमारे अडीच ग्रॅम मीठ, हे लक्षात न घेतल्याने अनुवादात अर्थाचा अनर्थ सहज होतो. पाचवा, ज्यांची तपासणी झाली ते लोक आणि ज्यांना सल्ला द्यायचा ते लोक यांत साम्य किती?

आहारशास्त्राच्या आणि भाषेच्या अध्यापकांनी हा तास एकत्र घेतल्यास दोघांनाही लाभ होईल. उर्दू माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना ‘में’ आणि ‘से’ यांतील अंतर समजावणे सोपे जाते. ते समजल्यावर मराठीतील सप्तमी आणि तृतीयाही पाठांतरातून बाहेर येतात.

समारोप

मीठ आणि मृत्यू यांच्या संबंधाविषयी आज तीन वेगवेगळ्या वजनाची विधाने आपल्यासमोर आहेत. मीठ कमी केल्याने रक्तदाब उतरतो, हे चाचण्यांनी सिद्ध आहे. पक्षाघात किंवा रक्तदाब असलेल्या वयस्क लोकांत साध्या मिठाऐवजी पोटॅशियममिश्रित मीठ दिल्याने मृत्यू घटले, हे एका मोठ्या चाचणीने दाखवले आहे. निरोगी माणसाने ताटात वरून घेतलेल्या मिठामुळे त्याचे आयुष्य अमुक वर्षांनी घटते, हे मात्र अनुमान आहे, आणि त्याचा पाया कच्चा आहे. या तिन्हींना एकाच आवाजात सांगणारा आरोग्यप्रचार आपला विश्वास गमावतो, आणि तिन्हींना एकाच झटक्यात फेटाळणारा संशयवादी आपल्या शेजाऱ्याचे नुकसान करतो. विधानाचे वजन पाहून शब्द वापरणे हे भाषेच्या अध्यापकाचे नित्याचे काम आहे. ते त्याने आरोग्याच्या पानावरही करावे, इतकेच या निमित्ताने सांगावयाचे आहे.